पट्टा टपरीसमोर नको

आप्पा : नको म्हणजे नको! हा पट्टा इथे नको.

निशिगंधा : कुठला पट्टा, आप्पा?

आप्पा : हा गो, काळा-पांढरा. रस्ता ओलांडायचा. हा इथून उचल आणि तिकडे बँकेसमोर नेऊन टाक.

निशिगंधा : अहो, श्रीविलास नाट्यमंदिर इथे, लोक ह्या पायऱ्यांवरून उतरणार, आणि पट्टा बँकेसमोर? सत्तर पावलं लांब?

आप्पा : चालतील की. तब्येतीला बरं. तुमच्या पुण्यात पैसे भरून चालायला जातात म्हणे.

निशिगंधा : मी पुण्याची नाही. तिकडे फक्त शिकले. मी मिरजोळ्याची.

आप्पा : मिरजोळ्याची? कुणाची तू?

निशिगंधा : गुरुप्रसाद शेट्यांची.

आप्पा : एमआयडीसीत बर्फाच्या कारखान्यात होता, तो गुरू? अगो, त्याला मी पहिल्या रांगेत फुकट बसवलाय! एकदा नव्हे, दहादा. मग तर तुला माझं ऐकायलाच हवं.

निशिगंधा : बाबांनी फुकटात नाटकं बघितली, म्हणून मी अख्ख्या रत्नागिरीला सत्तर पावलं चालवू?

आप्पा : जीभ बापाचीच आहे हो तुझी.

निशिगंधा : आप्पा, उद्या अकरा वाजता मला नगरपरिषदेत ह्या रस्त्याचा आराखडा मांडायचाय. तुमच्या नाट्यमंदिराच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, आधी आप्पांना दाखवा, त्यांची हरकत नसेल तर मी सही करतो. म्हणून आले. आता तुम्हीच आडवे पडलात तर मी काय करू?

आप्पा : अध्यक्ष शहाणा आहे. अध्यक्ष दर पाच वर्षांनी बदलतो, नाटकाची घंटा एकोणचाळीस वर्षं मीच देतोय. आणि आडवा कुठे पडलोय? बाकी सगळं पसंत आहे मला. पायवाट रुंद केलीस, छान. गटारावर झाकणं, उत्तम. गेल्या पावसात आमचा तबलजी एका पायानं गटारात गेला होता. डग्गा हातात वर धरून उभा! पाय मुरगळला, पण डग्ग्याला ओल लागू दिली नाही पठ्ठ्यानं.

निशिगंधा : दिवे?

आप्पा : दिवे झकास. बाकडी झकास. उंडीचं झाड ठेवलंस, त्याबद्दल तुझं भलं होवो. फक्त पट्टा हलव.

निशिगंधा : कारण सांगा ना काहीतरी!

आप्पा : शोभा जाते. नव्वद वर्षांची वास्तू आहे ही. फोटो काढला की समोर काय दिसायचं, तर झेब्रा!

निशिगंधा : बरं. मग आता माझं ऐका. गेल्या शनिवारी-रविवारी मी ह्याच पायरीवर वही घेऊन बसले होते. मध्यंतरात इथून समोर किती माणसं गेली, माहितेय? दोनशे अकरा. आणि बँकेसमोरून? तीन. आणि एक कुत्रा. त्या कुत्र्यानं तेवढं दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला.

आप्पा : बघ, जनावरालासुद्धा जागा पटली.

निशिगंधा : हसू नका. मध्यंतर झालं की सगळेच्या सगळे समोर सोनूबाईंच्या टपरीवर. भजी, घावन, चहा. तुमची पहिली घंटा होते, कोणी हलत नाही. दुसरी होते, लोक बशीत चहा ओततात. आणि तिसरी झाली, की नाटक सुरू होणार म्हणून दोनशे माणसं एकदम धूम ठोकतात! मी घड्याळ लावलं होतं. पन्नास सेकंदांत सगळे ह्या पायऱ्यांवर. इकडून रिक्षा येते की तिकडून एसटी, कोण बघतो!

आप्पा : माझी घंटा आजवर एक मिनिट इकडची तिकडे झालेली नाही. मुंबईचे नट माझ्या घंटेवर घड्याळं लावतात.

निशिगंधा : आणि रविवारी नाटकाला आलेल्या सावित्रीबाई पडल्या.

आप्पा : ...त्या चिऱ्याच्या ट्रकवाल्यामुळे. अंगावरच आणलान त्यानं गाडी.

निशिगंधा : ट्रकवाला जोरात होता, खरंय. पण बाई का धावत होत्या, आप्पा?

आप्पा : मी दवाखान्यात जाऊन आलो. मनगटाला प्लास्टर आहे. मला बघून म्हणतात, "आप्पा, शेवटी राजकुमार परत आला का हो?" मी सांगितलं, आला. घरी आलो आणि जेवण गेलं नाही मला. एवढंच बोलतो. पुढे विचारू नकोस.

निशिगंधा : बरं, नाही विचारत. दुसरंच विचारते. हा तुमच्या इमारतीचा नकाशा. पूर्वेच्या बाजूला ही खोली कसली?

आप्पा : अडगळीची.

निशिगंधा : अडगळीच्या खोलीला ओटा? मोरी? आणि हे वर धुराडं?

आप्पा : पूर्वीचे लोक अडगळसुद्धा थाटात ठेवत.

निशिगंधा : आप्पा...

आप्पा : उपाहारगृह होतं. झालं समाधान?

निशिगंधा : म्हणजे चहा आतच मिळायचा! कोणाला रस्ता ओलांडायची गरजच नव्हती! मग बंद का केलं?

आप्पा : ते तिला विचार.

निशिगंधा : तिला म्हणजे?

आप्पा : समोर बसलीय ती. भज्यांची महाराणी.

निशिगंधा : सोनूबाई आजी? चला, दोघं जाऊन विचारू.

आप्पा : तू जा. मी तो रस्ता ओलांडत नाही.

निशिगंधा : आत्ता गर्दी आहे म्हणून?

आप्पा : अकरा वर्षं झाली. घरी जातो तो मागच्या आळीतून.

निशिगंधा : अकरा वर्षं? म्हणजे ज्या रस्त्यावर पट्टा कुठे असावा हे तुम्ही मला तासभर शिकवताय, त्या रस्त्यावर तुम्ही पाऊलच ठेवलेलं नाही?

आप्पा : पायरीवरून दिसतो की सगळा.

(निशिगंधा नकाशा गुंडाळून, तीनदा थबकत रस्ता ओलांडते. सोनूबाईंची टपरी. आप्पा समोर पायरीवरच.)

सोनूबाई : ये गो बाय, बस. त्या रिक्षावाल्यानं किती हॉर्न मारलान तुला! शनिवारी वही घेऊन बसलेलीस ती तूच ना? मला वाटलां जनगणनेची बाई. म्हटलां, मला कशी विचारायला येत नाय?

निशिगंधा : मी निशिगंधा, मिरजोळ्याची. रस्त्याचं काम आहे आजी. हा बघा आराखडा. इथे पायवाट, जांभ्या दगडाची. आपल्या रत्नागिरीला शोभेल अशी.

सोनूबाई : जांभा? पायाखाली? कोणी काढलान हां?

निशिगंधा : मी.

सोनूबाई : आणि मिरजोळ्याची म्हणवतेस! अगो, आषाढात जांभ्यावर शेवाळ धरतां तां बघितलां नायस कधी? विहिरीवर जाताना मी दोनदा आपटलेय. सावित्रीबाईचा एक हात मोडला, तुझ्या पायवाटेवर अख्खी नाट्यमंडळी मोडेल. भिंतीला लाव जांभा, बाकड्याला लाव. पायाखाली खरखरीत फरशी घाल कसली तरी.

निशिगंधा : लिहून घेते. खरंच सुचलं नाही मला. कॉलेजात सगळ्यांनी वाहवा केली होती.

सोनूबाई : कॉलेजात पाऊस नसेल पडत. चहा घे. आणि सांग, तो काय म्हणतो? पट्टा माझ्यासमोर नको म्हणतो ना?

निशिगंधा : तुम्हाला कसं कळलं?

सोनूबाई : सदूला मी ओळखत नाय?

निशिगंधा : सदू कोण?

सोनूबाई : तुमचा आप्पा. जगाचा आप्पा, माझा सदू. धाकटा दीर माझा. मी लग्न होऊन आले तेव्हा दहा वर्षांचा होता, नाकात शेंबूड. सासूबाई लवकर गेल्या. ह्याला न्हाऊ घालण्यापासून सगळां मी केलां. हे बोटीवर, सहा-सहा महिने घरात नाय. घरात आम्ही दोघांच.

निशिगंधा : आणि तुम्ही दोघं बोलत नाही?

सोनूबाई : अकरा वर्षां.

निशिगंधा : पण झालं काय एवढं?

सोनूबाई : पातेलां पडलां.

निशिगंधा : पातेलं?

सोनूबाई : हे वारल्यावर सदूनंच मला आतलां उपाहारगृह मिळवून दिलान. चांगलां चाललेलां. एका रविवारी आत नाटक रंगात आलेलां. राजा मरतो तो प्रवेश. लोक रडतायत, टाचणी पडली तर ऐकू येईल. आणि माझ्या हातून पितळेचां मोठां पातेलां सुटलां. पायऱ्यांवरून खडांग, खडांग, खडांग, पार तळापर्यंत! बाय, राजा मेलेला होता ना, त्यानं मान वर करून बघितलान काय झालां तां!

निशिगंधा : अगं बाई!

सोनूबाई : हसलीस ना? तसांच सगळां थेटर हसलां. राणीसुद्धा हसली. पडदा पाडायला लागला. मग सदू आला तणतणत. शंभर माणसांदेखत मला म्हणाला, "चालती हो इथून. ह्या वास्तूची अब्रू घालवलीस." मला, वहिनीला! बाकी कोणी म्हटलां असतां तर मी हसण्यावारी नेलां असतां.

निशिगंधा : मग?

सोनूबाई : मग काय, चालती झाले. स्टो उचलला, पातेलां उचललां, रस्ता ओलांडला आणि इथे मांडलां. त्याला वाटलां, चार दिवसांनी राग गेला की वहिनी येईल परत. मला वाटलां, चार दिवसांनी राग गेला की सदू येईल बोलवायला. दोघां वाट बघत बसलो.

निशिगंधा : आणि त्यापायी दर नाटकाला दोनशे माणसं गाड्यांमधून धावतात! आजी, मी ह्या रस्त्यावर महिनाभर डोकं फोडतेय. गाड्या मोजल्या, माणसं मोजली, पुण्याहून सरांना फोन केले. आणि कारण काय, तर पातेलं?

सोनूबाई : चेष्टा नको करू गो. सावित्रीबाई माझ्या हातचा चहा अर्धा टाकून धावल्या. कप अजून धुवायचा होता, तोवर किंकाळी ऐकली. डोळा लागत नाय मला तेव्हापासून. दर रविवारी ती घंटा झाली की झारा टाकून रस्त्याकडे बघते. आता कोण, आता कोण.

निशिगंधा : तुम्हीही तेच आणि ते आप्पाही तेच! त्यांना जेवण जात नाही, तुम्हाला झोप नाही. एकदा बोला ना एकमेकांशी.

सोनूबाई : त्यानं यावां. इथे येऊन "वहिनी, चुकलो" म्हणावां. तेवढां बस झालां. मी वयानं मोठी आहे.

निशिगंधा : थांबा. आप्पा! ओ आप्पा! इकडे या!

आप्पा : सही हवी असेल तर तू ये इकडे!

निशिगंधा : हरकत असेल तर इथे उभं राहून सांगा! पायरीवरून दिलेली हरकत नगरपरिषदेत चालत नाही!

आप्पा : असला कुठला नियम आहे?

निशिगंधा : आत्ताच केला! या!

सोनूबाई : नाय यायचा तो. अडून बसला की... अगो, उठला बघ! चपला घातल्यान. खरांच येतोय काय? सदू, उजवीकडे बघ! बघतच नाय मेला! रिक्षा! सदू, रिक्षा!

आप्पा : अहो रिक्षावाले, माणूस आहे! माणूस आहे मी!

निशिगंधा : आप्पा, मागे जा! नाही, मागून एसटी! पुढे... नाही, तिथेच थांबा!

सोनूबाई : हलू नको! तिथेच उभा राहा! मी येते!

निशिगंधा : आजी, तुम्ही नका उतरू! आजी!

सोनूबाई : ए ट्रकवाल्या! हात दिसत नाय? थांब म्हणते ना! मार, मार हॉर्न, बघते किती मारतोस! माझा दीर आहे तो! सदू, धर हात. त्याच्याकडे नको बघू, माझ्याकडे बघ. चल. सावकाश.

आप्पा : वहिनी, हात सोडू नको गो.

सोनूबाई : नाय सोडत. मी धरलाय. हां, चढ. आलास. बस बाकड्यावर. निशिगंधा, पाणी दे त्याला.

आप्पा : एवढ्या गाड्या... एवढ्या गाड्या कधीपासून जातात इथून?

निशिगंधा : रोज जातात, आप्पा. पायरीवरून कमी दिसतात.

आप्पा : आणि ह्याच्यामधून मी म्हाताऱ्याकोताऱ्यांना घंटा देऊन पळवत होतो. वेळेवर. एक मिनिट इकडचं तिकडे नाही. सावित्रीबाईंचा हात मी मोडला, दुसऱ्या कोणी नाही.

सोनूबाई : अर्धा मी मोडला. रडू नको. पाणी पी आधी.

आप्पा : वहिनी, चुकलो. त्या दिवशी सगळ्यांदेखत बोललो तुला. संध्याकाळीच कळलं होतं मला. तुझ्या दाराशी येऊन परत गेलो. दुसऱ्या दिवशी जास्त लाज वाटली, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. वर्ष झाल्यावर कुठल्या तोंडानं येणार? तू मला वाढवलंस, आणि मी तुला "चालती हो" म्हटलं.

सोनूबाई : म्हटलांस खरां. फार लागलां मला, सदू. पातेलां आपटलां त्याचा आवाज विसरले, तुझा नाय विसरले.

आप्पा : काय करू सांग. रविवारी पडद्यापुढे येऊन सगळ्यांदेखत माफी मागू?

सोनूबाई : नको रे बाबा. राजा परत मान वर करून बघेल.

आप्पा : हसलीस!

सोनूबाई : मी कुठे हसले? धूर गेला डोळ्यात. घे, घावन खा. वाळलायस किती. कोण स्वयंपाक करतां तुझा?

आप्पा : मीच. म्हणून तर.

निशिगंधा : चला, प्रश्नच मिटला! आजी, तुम्ही परत आतल्या खोलीत. ओटा आहे, मोरी आहे. मी आराखड्यात दुरुस्ती घालते. लोकांना रस्ता ओलांडायला नको आणि...

आप्पा : हो हो! उद्याच झाडून घेतो खोली. चुना मारून देतो.

सोनूबाई : मी नाय येणार.

आप्पा : अगो, माफी मागितली ना आता!

सोनूबाई : माफी दिली. घावन पण दिलां. पण परत नाय येणार. इथे सकाळी बँकेतली माणसां येतात, दुपारी रिक्षावाले, दवाखान्यातल्या पोरी. ती काय नाटकाची तिकिटां काढून चहाला येतील? आणि इथे वारा लागतो. त्या धुराड्याखाली अख्खा उन्हाळा काढलायस कधी?

निशिगंधा : पण आजी, मग लोक रस्ता ओलांडणारच!

सोनूबाई : मग ओलांडू देत की! गावात राहायचां तर माणसानं समोरच्याकडे जायचां नाय काय? गाड्या भरधाव जातात म्हणून आम्ही घरात कोंडून घ्यायचां? माणसां कशाला अडवतेस, बाय? गाड्या अडव.

निशिगंधा : आजी, हेच मी पन्नास पानांत लिहिलंय. तुम्ही उद्या याल का माझ्याबरोबर नगरपरिषदेत?

सोनूबाई : भजी कोण तळेल मग?

आप्पा : आण तो कागद. कुठे लिहू? "हरकत नाही. पट्टा सोनूबाईंच्या टपरीसमोरच हवा. एक वीत इकडे तिकडे चालणार नाही."

निशिगंधा : आणि शोभा?

आप्पा : शोभा गेली खड्ड्यात. तो पट्टा नुसता रंगवू नको मात्र. रंग गणपतीपर्यंत टिकत नाही.

निशिगंधा : रंग नाहीच. पायवाटेच्या उंचीएवढा उचललेला पट्टा असेल. माणूस सरळ चालत जाईल, चढायचं-उतरायचं ते गाडीनं. आपोआप हळू होतील.

आप्पा : असं आधी सांगायचंस! आणि मी काय म्हणतो, पहिली-दुसरी घंटा तिकडे देतो. मग इकडे येतो, शेवटचा माणूस पलीकडे पोचवतो आणि मग तिसरी.

निशिगंधा : उशीर होईल. मुंबईच्या नटांची घड्याळं?

आप्पा : चुकू देत. राजाला मरायला पाच मिनिटं उशीर झाला तर कोणाचं काय बिघडतं?

सोनूबाई : आता बोललास शहाण्यासारखां.

आप्पा : वहिनी, रविवारी ये ना तू. नाटकाला. पहिल्या रांगेत बसवतो.

सोनूबाई : मी? अकरा वर्षां नाटक बघितलां नाय. दारां उघडी असली की शब्द येतात इथपर्यंत. कोण रडतां, कोण हसतां तेवढां कळतां.

आप्पा : मग ये की. टपरी तेवढा वेळ तुझ्या हाताखालची मालन सांभाळेल.

सोनूबाई : मालनचां नाय रे. गुडघ्यांचां आहे. आत्ता धावले ती तू मध्ये अडकलेलास म्हणून. एरवी एका दमात एवढा रस्ता होत नाय माझ्यानं. अर्ध्यावर आले की गुडघा धरतो, आणि मागून हॉर्न वाजायला लागतात. लाज वाटते मग.

आप्पा : निशिगंधा.

निशिगंधा : हां?

आप्पा : तुझ्या त्या पट्ट्याच्या मध्यावर थांबायला जागा काढता येईल? माणसाला जरा दम खायला?

निशिगंधा : येईल. दोन्ही बाजूंना कठडा, मधून वाट. पण रस्ता रुंद नाही, त्यासाठी पायऱ्यांजवळचं पार्किंग काढावं लागेल. तिथे मंडळाच्या गाड्या लागतात.

आप्पा : काढ.

निशिगंधा : अध्यक्षांची पण?

आप्पा : ती आधी काढ.

निशिगंधा : किती मोठी ठेवू जागा? एका माणसापुरती?

आप्पा : नाही गो. दोन माणसं हात धरून उभी राहतील एवढी.